नदीकांठचें परकें झाड

नदीचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे आपलें लक्ष स्वाभाविकपणें तिच्या कांठच्या नगरांकडे, घाटांकडे आणि पुलांकडे जातें. पाण्याची धार जेथें संपते आणि कोरडी जमीन जेथें सुरू होते, त्या दोहोंमधील ओलसर पट्ट्याकडे, तेथील झुडपांकडे व त्या झुडपांच्या आश्रयानें राहणाऱ्या जीवांकडे पाहण्यास इतिहासकारास सहसा सवड नसते. वस्तुतः माणसानें नदीशीं कसा व्यवहार केला, याचा जमाखर्च या पट्ट्यांत जितका स्पष्ट लिहिलेला असतो तितका अन्यत्र क्वचितच आढळेल. असा एक जमाखर्च वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील रुक्ष प्रदेशांतला आहे. परंतु त्यांतील एक मुख्य पात्र आपल्या ओळखीचें आहे. तें म्हणजे झाऊचें झाड.

झाऊ हें एकाच झाडाचें नांव नसून एका मोठ्या गोताचें नांव आहे. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशिया हीं त्याचीं मूळ घरें. आपल्याकडेहि नद्यांच्या वाळवंटांत सुरूसारख्या बारीक पानांचीं व गुलाबी तुऱ्यांचीं हीं झुडपें दिसतात, आणि त्यांकडे कोणी विशेष लक्ष देत नाहीं. अमेरिका खंडांत मात्र या गोतांतलें एकहि झाड मूळचें नाहीं. तेथें तें माणसानें नेलें, पुढें तें माणसास नकोसें झालें, आणि नकोसें झाल्यावर तें उपटतांना असें आढळून आलें कीं, नाहींसा होण्याच्या मार्गावर असलेल्या एका लहानशा पक्ष्यानें त्याच झाडांत आपला संसार मांडला आहे. त्या पेंचाची ही हकीकत आहे.

त्या पक्ष्यास इंग्रजींत 'विलो फ्लायकॅचर' म्हणतात. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचें भावंड; म्हणून आपण त्यास वाळुंजी माशीमार म्हणूं. आपल्याकडे जे पक्षी माशीमार म्हणून ओळखले जातात त्यांच्याशीं याचें जवळचें नातें नाहीं. केवळ धंदा एक, इतकेंच. लांबीनें तो चिमणीएवढा, परंतु वजन अवघें १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमणीच्या निम्म्यानें. पाठ हिरवट करडी, गळा पांढुरका, पोट फिकट पिवळें आणि पंखांवर दोन फिक्या रेघा. रूपानें तो कोणाचें लक्ष वेधून घेईल असा नाहीं. त्याची ओळख पटते ती त्याच्या गाण्यावरून, आणि तें गाणेंहि मोठें नाहीं. 'फिट्झ-ब्यू' असा शिंकेसारखा दोन अक्षरी सूर, इतकाच त्याचा आलाप. हा सूर त्यास आईबापांकडून शिकावा लागत नाहीं. तो त्यास जन्मतःच येतो.

ऑडुबॉन या प्रख्यात चित्रकार-पक्षिवेत्त्यानें १८२८ सालीं या पक्ष्याचें वर्णन केलें आणि ट्रेल नांवाच्या आपल्या स्कॉटिश मित्राचें नांव त्यास दिलें. नैर्ऋत्येकडील वाळवंटी नद्यांच्या कांठीं राहणारी याची शाखा इतरांहून निराळी आहे हें मात्र १९४८ सालीं ॲलन फिलिप्स या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें. त्या वेळीं तिचें घर बव्हंशीं मोडून झालें होतें. एखाद्या घराण्याची वंशावळ लिहून व्हावी आणि त्याच सुमारास त्याचा वाडा पडावा, तसा हा प्रकार झाला.

हा वाडा कसा होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. हिंवाळा मेक्सिको व मध्य अमेरिका या उष्ण देशांत घालवून हे पक्षी मे महिन्याच्या सुमारास उत्तरेस येतात. ॲरिझोनासारख्या प्रदेशांत त्या दिवसांत उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळीं पक्षी शोधतो तें पाणथळ जागेंतलें दाट बन: खालीं सांचलेलें पाणी किंवा ओली माती, वर घट्ट सावली, आणि मधोमध तीन-चार बारीक फांद्या एकत्र येऊन झालेलें एखादें बेचकें. त्या बेचक्यांत गवताचें व सालीच्या तंतूंचें वाटीएवढें घरटें होतें. त्यांत तीन किंवा चार अंडीं. बारा-तेरा दिवस उबवण, नंतर दोन आठवड्यांत पिलें उडतीं. एक महिना ती सावली व तो ओलावा टिकला पाहिजे. एवढीच त्या जिवाची मागणी आहे. परंतु वाळवंटांत ती लहान नव्हे.

ही मागणी पूर्वीं नदीच पुरवीत असे. डोंगरांवरील बर्फ वितळून वसंतांत नद्यांना पूर येई. तो ओसरूं लागे नेमक्या त्याच दिवसांत कांठच्या वाळुंजांचीं आणि कॉटनवुड या उंच वृक्षांचीं कापसाळ बीजें वाऱ्यावर उडत. या बीजांचें आयुष्य अवघ्या कांहीं आठवड्यांचें. ओल्या, उघड्या गाळावर पडलें तर रुजलें, नाहीं तर वाळून गेलें. पुरानें जुनीं झाडें वाहून न्यावींत, नवा गाळ पसरावा, त्यावर कोंवळें बन उठावें, तें दाट व्हावें. पुढें झाडें उंच होऊन खालचा भाग मोकळा झाला कीं पक्ष्यानें दुसरीकडे नवें बन शोधावें. असा हा क्रम शतकानुशतकें चालला होता. एका जागीं मोडावें व दुसऱ्या जागीं मांडावें, हा नदीचा स्वभाव. पक्ष्यानें आपला संसार त्या स्वभावावर बेतला होता.

या व्यवस्थेवर पहिला घाव पडला तो कुऱ्हाडीचा नव्हे, टोप्यांच्या हौसेचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बीव्हर या प्राण्याच्या लोकरीच्या टोप्यांना पाश्चात्य जगांत मोठी मागणी होती. १८२० नंतरच्या दशकांत शिकारी या नद्यांवर उतरले आणि त्यांनीं हे प्राणी सांपळ्यांत धरून जवळजवळ नाहींसे केले. बीव्हर काटक्यांचे बांध घालून प्रवाह अडवीत. त्या बांधांमागें डबकीं व दलदली होत. ते गेले आणि दलदली आटूं लागल्या. मग १८८० च्या सुमारास गुरांचे प्रचंड कळप आले. गवत व कोंवळीं झाडें खाल्लीं गेलीं. १८९१ ते १८९३ या वर्षांत अवर्षण पडून गुरेंहि हजारोंनीं मेलीं, आणि त्यानंतरच्या पावसानें उघड्या पडलेल्या जमिनींतून खोल घळी पाडिल्या. नद्यांचीं पात्रें खालीं गेलीं व त्यांबरोबर भूमिगत पाणीहि.

यानंतर धरणें आलीं. सॉल्ट नदीवरील रूझव्हेल्ट धरण १९११ सालीं पुरें झालें; हीला नदीवरील कूलिज धरण १९२८ सालीं; कोलोरॅडोवरील हूव्हर धरण १९३५ सालीं; आणि त्याच नदीवर वरच्या बाजूस असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १९६३ सालीं बंद करण्यांत आले. या धरणांनीं शहरें वसलीं, वीज मिळाली, वाळवंटांत शेतें पिकलीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु नदीचें पंचांग बदललें, हेंहि तितकेंच खरें. वसंतांतला पूर बंद झाला. पाणी शेताच्या व विजेच्या गरजेप्रमाणें सुटूं लागलें. गाळ धरणामागें अडकला. जमिनींतील क्षार धुऊन नेणारें कोणी उरलें नाहीं. वाळुंजाचीं बीजें पूर्वींच्याच दिवसांत उडत राहिलीं. त्यांच्यासाठीं ओला गाळ मात्र तयार नव्हता.

झाऊ अमेरिकेंत आला होता तो शोभेचें झाड म्हणून. १८२० नंतरच्या दशकांत पूर्व किनाऱ्यावरील रोपवाटिकांत तो विक्रीस असे. पुढें तो पश्चिमेस गेला. वाऱ्यास आडोसा म्हणून, आणि खचणारे कांठ धरून ठेवण्यासाठीं लोकांनीं तो आपण होऊन लाविला, सरकारी खात्यांनींहि लाविला. १८७० नंतर तो बागांतून सुटून रानांत दिसूं लागला. आशियांत एकमेकांपासून दूर वाढणाऱ्या त्याच्या दोन जाति तेथें एकत्र आल्या आणि त्यांचा संकर होऊन नवेंच झुडूप तयार झालें. या झुडपाला लक्षावधि बीजें येतात आणि तीं वसंतापासून शरदापर्यंत उडत राहतात; म्हणजे धरणाचें पाणी कोणत्याहि महिन्यांत सुटो, त्या ओलीवर पडण्यास त्याचें बीज हजर. त्याचीं मुळें खोल जातात. खारी जमीन त्यास चालते. अंगांत आलेला क्षार तें पानांवाटे बाहेर टाकतें. १९६१ च्या सुमारास झाऊनें सुमारें ९ लक्ष एकर भूमि व्यापली असावी असा अंदाज करण्यांत आला. त्यानें वाळुंजांस हांकलून लाविलें, असें सांगण्याची प्रथा आहे. आमच्या मतें पुष्कळ ठिकाणीं धरणांनीं घर रिकामें केलें आणि झाऊ त्या रिकाम्या घरांत येऊन राहिला.

तथापि दोषी कोण, हें ठरविण्याची घाई झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ॲरिझोनांतील तांब्याच्या खाणींस पाणी हवें होतें, आणि हीला नदीचें पाणी तर आधींच वांटून गेलेलें. अशा वेळीं कांठचीं झाडें जें पाणी पितात तें वांचविलें तर तेवढें आपल्या पदरांत पडेल, ही कल्पना पुढें आली. १९४३-४४ मध्यें सॅफर्डच्या खोऱ्यांत झाऊ टांक्यांत लावून त्याची तहान मोजण्यांत आली. तेव्हांपासून झाऊ 'पाणीचोर' ठरला. एकेक झाड दिवसाला दोनशें गॅलन पाणी पितें, हें वाक्य पुढें इतक्या वेळां छापलें गेलें कीं, तें कोणीं व कसें मोजलें हें विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं. यंत्रनांगर चालले, आगी लाविल्या गेल्या, विमानांतून विषारी औषधें शिंपडलीं गेलीं. न्यू मेक्सिकोंत पेकॉस नदीच्या कांठचा हजारों एकर झाऊ साफ करण्यांत आला. पण नदीचें पाणी वाढल्याचें मोजमापांत दिसलें नाहीं. अखेर २०१० सालीं अमेरिकेच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यानें सर्व संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हां असें निष्पन्न झालें कीं, झाऊ साधारणपणें तेथील मूळच्या झाडांइतकेंच पाणी वापरतो. चोर म्हणून ज्यास पकडलें, त्याची तहान शेजाऱ्यांच्याच तहानेएवढी निघाली.

या सर्व गदारोळांत वाळुंजी माशीमारानें काय केलें? त्यानें झाऊच्या जाळींत घरटें बांधलें. या गोष्टीचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. ज्याचें गाणें जन्मजात ठरलेलें आहे, तो पक्षी घराच्या बाबतींत इतका हटवादी निघाला नाहीं. त्यानें झाडाचें नांवगांव विचारलें नाहीं; बेचकें, सावली आणि पायांखालची ओल एवढेंच पाहिलें. जेथें हीं तीन होतीं तेथें त्यानें परक्या झाडासहि आपलें म्हटलें. ॲरिझोनांत तर त्याचीं बहुतेक घरटीं झाऊंतच आढळूं लागलीं. तेथील पिलें दुबळीं निपजतात कीं काय, या शंकेनें शास्त्रज्ञांनीं पक्ष्यांचीं वजनें केलीं, त्यांचें रक्त तपासलें. परंतु वाळुंजांतील व झाऊंतील कुटुंबांत आरोग्याचा तसा भेद आढळला नाहीं. जेथें पाणी दूर गेलें होतें तेथें मात्र नुसता दाट झाऊ त्यास पुरत नसे. म्हणजे त्याचा आग्रह शेवटीं पाण्याविषयींच होता.

१९९५ सालीं अमेरिकन सरकारनें या पक्ष्यास कायद्यान्वयें 'संकटग्रस्त' ठरविलें. २००७ च्या मोजणींत सगळ्या प्रदेशांत मिळून त्याच्या सुमारें १,३०० हद्दी भरल्या. एका हद्दींत एक जोडपें धरलें तरी आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढीच ही वस्ती, आणि ती सहा-सात राज्यांत विखुरलेली. येथून पुढें सरकारचे दोन हात दोन निराळीं कामें करूं लागले. एक हात या पक्ष्याचें रक्षण करी. दुसरा हात झाऊचा नाश करण्याचे उपाय शोधी.

त्या दुसऱ्या हातास सांपडलेला उपाय म्हणजे एक भुंगेरा. चीन व कझाकस्तान येथें झाऊच्या पानांवर जगणारा हा बोटाच्या पेऱ्याहूनहि लहान कीटक. बरींच वर्षें बंदिस्त जागेंत परीक्षा केल्यावर २००१ सालीं तो कांहीं राज्यांत मोकळा सोडण्यांत आला. ज्यांनीं हें केलें त्यांस आम्ही अविचारी म्हणणार नाहीं. तो दुसऱ्या झाडांवर जाऊं नये याची त्यांनीं खात्री करून घेतली होती, आणि औषधांच्या फवाऱ्यांपेक्षां हा मार्ग सौम्य, हेंहि खरें. पक्ष्यांचीं घरटीं जेथें झाऊंत आहेत तेथून २०० मैलांच्या आंत तो सोडूं नये, अशी अटहि होती. शिवाय दक्षिणेकडील दिवस उन्हाळ्यांत आंखूड असल्यानें तेथें तो अकालींच निद्रिस्त होईल व टिकणार नाहीं, असा भरंवसा होता.

परंतु २००६ सालीं युटा राज्यांतील सेंट जॉर्ज शहराजवळ, व्हर्जिन नदीच्या कांठीं, हा भुंगेरा आणून सोडण्यांत आला. आणि त्या नदीवर आमचा पक्षी राहत होता. २००८ च्या उन्हाळ्यांत भुंगेऱ्यांनीं तेथील झाऊ निष्पर्ण केला. मे-जून महिन्यांत पक्ष्यानें हिरव्यागार सावलींत घरटें बांधावें, आणि अंडीं-पिलें घरट्यांत असतांनाच भोंवतालचीं पानें करपून गळावींत. मग वरून ऊन आणि चहूंकडून शत्रूंची नजर. पक्ष्यास झाड पारखतां येतें. परंतु महिन्याभरानें त्या झाडाचें काय होणार हें त्यास कसें कळावें? पुढें भुंगेऱ्यानें आंखूड दिवसांशींहि जुळवून घेतलें व तो दक्षिणेकडे सरकत राहिला. २००९ सालीं पक्षिप्रेमी संस्था न्यायालयांत गेल्या. २०१० सालीं सरकारनें आपला भुंगेरे सोडण्याचा कार्यक्रम बंद केला. पण सोडलेला कीटक हुकुमानें परत येत नसतो.

झाऊच्या बाजूनेंच बोलावें असा आमचा हेतु नाहीं. त्याचें एकरंगी रान सहज पेट घेतें. आगीनंतर तो पुन्हां फुटतो, वाळुंजास तें जमतेंच असें नाहीं. वाळुंज, कॉटनवुड आणि इतर झुडपें यांच्या मिश्र बनांत जितके पक्षी नांदतात तितके शुद्ध झाऊंत नांदत नाहींत. झाऊ कमी व्हावा ही इच्छा रास्तच आहे. चूक झाली ती क्रमाची. जुनें घर पाडण्यापूर्वीं नवें उभें करावें, हा साधा गृहस्थी विचार येथें सुटला. पाण्याचा प्रश्न बाजूस ठेवून झाडाचा प्रश्न सोडवूं गेल्यानें उपाय रोगाच्या लक्षणावर झाला, रोगावर झाला नाहीं.

रोग कोणता हें २०१४ सालीं एका प्रयोगानें स्पष्ट झालें. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यांत झालेल्या करारान्वयें २३ मार्च ते १८ मे या आठ आठवड्यांत कोलोरॅडो नदीच्या कोरड्या मुखप्रदेशांत सुमारें १३ कोटि घनमीटर पाणी मुद्दाम सोडण्यांत आलें. वसंतांतल्या जुन्या पुराची ती एक लहानशी नक्कल होती. अनेक वर्षें समुद्रास न भेटलेली नदी मे महिन्यांत समुद्रास भेटली. ओल्या गाळावर वाळुंज आणि कॉटनवुड यांचीं रोपें उगवलीं, झाऊचींहि उगवलीं. जेथें आधीं झाऊ काढून जमीन तयार केली होती आणि नंतरहि पाणी मिळत राहिलें, तेथें मूळच्या झाडांनीं चांगला जम बसविला. नदीनें आपलें पंचांग विसरलेलें नव्हतें. तिला तें पाळूं दिलें जात नव्हतें, इतकेंच. व्हर्जिन नदीच्या कांठींहि पुढें वाळुंजाचीं झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें गेलें. भुंगेऱ्याच्या आधीं तें झालें असतें तर किती बरें झालें असतें!

या हकीकतींत आपल्यासाठीं एक चमत्कारिक उलटापालट आहे. झाऊ जुन्या जगांतून अमेरिकेंत गेला; तर अमेरिकेचें एक कांटेरी झाड आपल्याकडे आलें. आपण त्यास वेडी बाभूळ म्हणतों. गुजराथेपासून तामिळनाडूपर्यंत ती फोंफावली आहे, आणि महाराष्ट्रांतील ओढ्यांच्या व नद्यांच्या कांठींहि ती दाटीनें दिसते. ती वाईट आहे, ती उपटली पाहिजे, असें आपणहि म्हणतों, आणि त्यांत तथ्यहि आहे. परंतु एखाद्या नदीचा कांठ 'स्वच्छ' करण्यासाठीं यंत्रें आणण्यापूर्वीं तिच्या कांट्यांत कोण राहतें, तें कोणत्या महिन्यांत पिलें वाढवितें, आणि तिच्याजागीं वाळुंज, करंज किंवा उंबर आपण आधीं लावून जगविला आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास फारसा खर्च येत नाहीं. आणि चवथा, सर्वांत अवघड प्रश्न: हें झाड येथें आलें तेव्हां नदीचें पाणी कोणीं नेलें होतें?

मे महिना आला म्हणजे बारा ग्रॅमांचा तो पक्षी शेंकडों कोस उडून वाळवंटांतल्या नदीवर उतरतो, फांदीवर बसून आपला दोन अक्षरांचा सूर लावतो आणि बेचकें शोधूं लागतो. झाड देशी कीं परकें, हा वाद त्याचा नाहीं. पिलें उडेपर्यंत सावली टिकेल आणि खालीं पाणी राहील, एवढ्या विश्वासावर तो पहिली काडी ठेवतो. तो विश्वास खरा ठरविणें आतां त्याच्या हातांत उरलेलें नाहीं. तें माणसाच्या हातांत आलें आहे.